आजोबांची निळी बरणी आणि एक तपकिरी पेला

ताई, तुमच्या पत्रात प्रश्न चार आहेत आणि सोबत फोटो सात. आजोबा बोटीवर होते. रंगून, सिंगापूर, हाँगकाँग अशा फेऱ्या करायचे. त्यांनी आणलेली झाकणाची एक निळी-पांढरी बरणी, तीन बशा आणि बिनकानाचा एक लहान पेला मालवणच्या घरात माळ्यावरच्या पेटीत सापडला. तुम्ही विचारता, हे खरंच जुनं चिनी आहे का? मुळात ते कशासाठी बनवलेलं? गणपतीत पाहुणे येतील तेव्हा त्यात काही वाढलं तर चालेल, की काचेआड ठेवायचं? आणि न्यू जर्सीतला भाऊ यातलं काही घेऊन जातो म्हणतोय, त्याला द्यायचं का?

मी गेली सत्तावीस वर्षं फुटलेली चिनीमाती जोडते. संग्रहालयांची कामं केली, घरांतली त्याहून जास्त. या कामाचा एक फायदा असा, की भांड्याचा जो भाग कुणी बघत नाही तोच रोज हाताखाली येतो. बुड, फुटलेली कड, झाकणाची आतली बाजू. फोटोवरून फार ठाम बोलू नये, पण तुम्ही बुडाचे फोटो उजेडात नीट काढलेत, त्यामुळे बरंच सांगता येतं.

बरणी चिनी आहे, पण तिच्यावरच्या शिक्क्यात लिहिलंय तेवढी जुनी नाही. दोन बशा चिनी आहेत, तिसरी इंग्लंडची. आणि ज्याच्याबद्दल ‘हा तपकिरी पेला बहुधा चुकून यात आला असावा’ असं तुम्ही लिहिलंत, तो या सगळ्यांत जुना.

आधी शिक्क्याचं बघू, कारण तुमची सगळी आशा त्यावरच आहे. बरणीच्या बुडावर दोन निळी वर्तुळं आहेत आणि आत चार अक्षरं. ती वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायची: ‘कांगशी न्यान ची’, म्हणजे कांगशी सम्राटाच्या कारकिर्दीत बनवलेलं. कांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२. रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा चीनमध्ये राज्य याचंच होतं. आता गंमत बघा. खुद्द कांगशीच्याच काळात, १६७७ मध्ये, जिंगडेझेन या भट्ट्यांच्या गावातल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाचं नाव घालायला मनाई केली. भांडं फुटणार, तुकडे उकिरड्यावर जाणार आणि त्यांच्यासोबत सम्राटाचं नावही. त्यामुळे त्या काळातल्या कित्येक अस्सल भांड्यांच्या बुडावर नुसती दोन रिकामी वर्तुळं असतात, नाहीतर एखादं पान, नाहीतर दोनशे वर्षं आधीच्या मिंग घराण्यातल्या सम्राटाचं, चंगह्वाचं, नाव. कांगशीचं नाव खऱ्या अर्थाने भरभरून पडलं ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याला जाऊन दीडशे वर्षं उलटल्यावर. यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. आपण दुकानात ‘पेशवाई’ साडी मागतो तेव्हा ती पेशव्यांच्या काळातली असते असं कुणी धरत नाही. तसंच काहीसं.

म्हणून मी शिक्का सगळ्यात शेवटी वाचते. आधी भांडं उपडं करून बुडाचं कडं बघते, म्हणजे भांडं ज्या गोल कडेवर उभं राहतं ती, बिनझिलईची. तिथे माती उघडी असते. जुन्या मालात ती बारीक आणि घट्ट असते, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागते, आणि झिलई जिथे थांबते तिथे बऱ्याचदा नारिंगी-तपकिरी बारीक रेघ उमटलेली असते. मातीतलं लोह भट्टीत तिथे तांबूस होतं. मिंग काळाच्या अखेरीच्या निर्यातीच्या थाळ्यांना तर बुडाला भट्टीतली वाळू चिकटलेली सापडते. घाईचा माल होता तो, घासत कोण बसणार! तुमच्या बरणीचं कडं खडूसारखं पांढरं आहे, हत्याराने सफाईने तासलेलं आहे, आणि निळा रंग सगळीकडे एकाच जाडीचा, एकाच सुरात लागलाय. कांगशीच्या काळातल्या चांगल्या कामात हाच निळा थरावर थर देऊन रंगवलेला दिसतो, कुठे गडद, कुठे पातळ, पाण्यासारखा हलता. माझ्या मते तुमची बरणी १८८० ते १९२० च्या दरम्यानची. म्हणजे आजोबांनी घेतली तेव्हा ती फार जुनी नव्हती. बाजारात मिळणारी चांगली वस्तू म्हणून त्यांनी घेतली असावी.

कडं नुसतं तपकिरी दिसलं म्हणूनही भुलू नका. कामाच्या पहिल्या काही वर्षांत मी एका विक्रेत्याकडून एक वाडगा घेतला होता. बुड छान मळकट, जुनं. घरी आणून कोमट पाण्यात ठेवला आणि अर्ध्या तासात पाण्याचा चहा झाला. चहाच लावलेला होता. तो वाडगा अजून माझ्या टेबलावर आहे, ब्रश ठेवायला. खोट्या मालावर वापराचे ओरखडेही पाडतात, पण ते सगळे एकाच दिशेने जातात. खऱ्या बशीवरचे ओरखडे वाटेल तसे असतात, कारण ती शंभर वर्षं शंभर हातांनी मांडलेली, उचललेली, एकीवर एक रचलेली असते.

आता तो तपकिरी पेला. बाहेरून कॉफीसारखी एकसंध झिलई, आत पांढऱ्यावर निळं फूल, कान नाही, कड अगदी पातळ. युरोपातले व्यापारी या प्रकाराला ‘बटेव्हिया’ म्हणत, कारण हा माल डच कंपनीच्या बटेव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, पुढे जायचा. अठराव्या शतकात तो ढिगाने बनला. त्याची तारीख पक्की करायला एक बुडालेलं जहाज कामी येतं. गेल्डरमाल्सेन नावाचं डच जहाज जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आदळून बुडालं. १९८५ मध्ये बुडालेल्या जहाजांचा माल शोधणाऱ्या मायकल हॅचर याने त्यातला माल वर काढला आणि १९८६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये त्याचा लिलाव झाला. दीड लाखाच्या आसपास नग होते, आणि त्यात तुमच्यासारखे बाहेरून तपकिरी, आतून निळे पेलेही होते. त्या जहाजाचा खरा माल होता चहा. चिनीमाती खाली रचायची, कारण तिला पाणी लागलं तरी काही होत नाही, आणि वर चहाच्या पेट्या. जहाज फुटल्यावर तो चहा खाली बसला आणि भांडी त्याच्या लगद्यात गाडली गेली, म्हणून सव्वादोनशे वर्षं टिकली. तुमचा पेला समुद्रातून आलेला नाही; तसा माल बऱ्याचदा झिलई खरवडल्यासारखा निस्तेज होतो, आणि तुमच्या पेल्यावर खिडकीचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतंय. पण काळ तोच. कान नाही म्हणून तो मोडका नव्हे. चहाचा चिनी पेला बिनकानाचाच. आपण ज्याला कप म्हणतो त्याचा कान ही नंतरची युरोपी सोय.

बशांकडे येते. दोन बशांवर तळं, काठाला घर, पूल, होडी, आणि कडेने आडव्या-उभ्या रेघांची जाळी आहे. जरा जाड, निळा करडेपणाकडे झुकणारा, झिलईत एखाददुसरं छिद्र. हा एकोणिसाव्या शतकातला कँटनचा, म्हणजे आजच्या ग्वांगझूचा, निर्यात माल. घडायचा बहुतेक करून आत, जिआंग्शी प्रांतातल्या जिंगडेझेनला, आणि बाहेर पडायचा कँटन बंदरातून. मुंबईकरांना हा माल परका नव्हता. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांची जहाजं इथून कापूस आणि अफू घेऊन जायची आणि येताना रेशीम, चहा, चिनीमाती आणायची. दादर-ग्रँटरोडच्या जुन्या पारशी घरांतून अशा बशा माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा कित्येकींच्या पाठीला पितळी टाचा मारलेल्या असतात. गोंद नव्हता तेव्हा दोन्ही तुकड्यांना आरपार न जाणारी बारीक भोकं पाडून त्यांत टाचा बसवत. काय हात असेल त्या माणसांचा! मी त्या टाचा काढत नाही. त्या घट्ट असतील तर तो त्या बशीचा इतिहास आहे.

तिसऱ्या बशीवरही तळं, पूल, झाड आणि वर दोन पक्षी आहेत, म्हणून तुम्ही ती त्याच जोडीतली धरलीत. भिंगातून बघा. ब्रशची रेघ कुठेच नाही, सगळं ठिपक्यांचं आणि बारीक कोरीव रेघांचं आहे, आणि कडेच्या नक्षीत एका जागी सांधा चुकलाय. ती छपाई आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून पातळ कागदावर छापायचं आणि तो कागद बशीवर चिकटवायचा, ही इंग्रजांची युक्ती. या चित्राला ते ‘विलो’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीला चिनी बशा बघून त्यांनीच ते जुळवलं, आणि पक्षी झालेल्या प्रेमिकांची जी चिनी गोष्ट सांगतात तीही तिथेच रचली गेली. टवका उडालाय तिथे माती बघा: पिवळसर, खडबडीत, पाणी शोषणारी. चिनी बशीचा टवका शंखाच्या आतल्या बाजूसारखा चकचकीत आणि पांढरा असतो.

हा फरक का पडतो तेही सांगते, कारण पुढच्या वापराच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. चिनी चिनीमातीत दोन गोष्टी असतात. एक पांढरी माती, जिला आपण केओलिन म्हणतो; ते नाव जिंगडेझेनजवळच्या गाओलिंग गावावरून पडलं. ही माती आगीत आकार सोडत नाही. दुसरा एक दगड, कुटून चिखल केलेला, तो आगीत वितळून काचेसारखा होतो आणि सगळं बांधून धरतो. दोन्ही मिळून १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलं की माती पाणी प्यायचं सोडते. आता एवढ्या आगीत रंग टिकायला हवा. बहुतेक रंग जळतात नाहीतर पळतात. तांब्याचा लाल साधला तर साधला, नाहीतर राखाडी. निळा देणारा कोबाल्ट मात्र टिकतो. कच्च्या, वाळलेल्या भांड्यावर तो काळपट दिसतो. माती रंग लगेच पिऊन टाकते, त्यामुळे ओढलेली रेघ खोडता येत नाही. वरून झिलई, आणि मग एकाच भाजणीत माती, रंग, झिलई सगळं एकजीव. निळा रंग काचेच्या खाली कायमचा बंद होतो. नखाने, घासणीने, आंबटाने तो जात नाही.

हा कोबाल्ट आधी इराणकडून यायचा. त्यात लोह जास्त, म्हणून पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, योंगल आणि श्वानद या मिंग सम्राटांच्या काळातल्या भांड्यांवर रेघेत मध्येच काळे, दबलेले ठिपके दिसतात. आज नक्कल करणारे तेच ठिपके ब्रशने मुद्दाम देतात. मग ते फार शहाण्यासारखे, बरोबर जागी पडतात. घरचा चिनी कोबाल्ट मँगनीजमुळे करडा. त्यामुळे नुसता निळा बघूनही जाणकार अंदाज बांधतात, पण मी एकट्या रंगावर कधी पैज लावणार नाही.

‘कशासाठी बनवलेलं’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. लोक किंमत विचारतात, हे कुणी विचारत नाही. खरं तर निळी-पांढरी चिनीमाती मोठी झाली ती दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांमुळे. सुरुवातीला तर चिनी रसिकांना ती आवडतच नव्हती. १३८८ च्या एका चिनी ग्रंथात तिला चक्क गावंढळ म्हटलंय. मागणी पश्चिमेकडून होती. चौदाव्या शतकातल्या चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच्या भल्यामोठ्या थाळ्या चिनी जेवणासाठी नाहीतच. चिनी माणूस लहान वाडग्यात जेवतो. एका थाळीभोवती बसून भात-मांस खाणाऱ्यांसाठी त्या घडवल्या. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशा थाळ्या आजही रांगेने आहेत. इराणच्या शाह अब्बासने १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून जास्त चिनी भांडी अर्पण केली. आणि दिल्लीत तुघलकांच्या राजवाड्याच्या जागी मिंगच्या आधीच्या युआन घराण्याच्या काळातल्या निळ्या-पांढऱ्या थाळ्या आणि वाडग्यांचे तुकडे सापडले आहेत. सुलतानाच्या घरी त्यात जेवणं होत असणार. नुसत्या शोभेला एवढ्या थाळ्या कोण आणतं?

गिऱ्हाईक बदललं की आकार बदलायचा. गुलाबपाण्यासाठी लांब मानेची गुलाबदाणी, लिहिणाऱ्यांसाठी कलमदान, त्यावर अरबी-फारसी अक्षरं. ती अक्षरं चिनी कारागिराने चित्रासारखी उतरवलेली, त्यामुळे कधी कधी अडखळणारी. पिकदाण्या, हुक्क्याची बुडं, माशांसाठी हौद, बागेत बसायला पिंपाच्या आकाराची आसनं. माझा सगळ्यात लाडका आकार ‘केंडी’. पोट गोल, मान धरायला, आणि बाजूला फुगीर तोटी. नाव ओळखीचं वाटतं ना? आपल्या ‘कुंडिका’वरून आलंय ते, आपला तोटीचा कमंडलू डोळ्यांसमोर आणा. तो आकार भिक्षूंबरोबर पूर्वेला गेला, मलाया-जावात रुळला, आणि मग चिनी भट्ट्यांतून निळा-पांढरा होऊन पुन्हा बाजारात आला. तोंड न लावता वरून पाणी प्यायचं भांडं. पुढे मोगलांकडे आणि इराणात त्याच आकाराचा हुक्का झाला: तोटीत नळी, मानेवर चिलीम. एकच भांडं एका बंदरात पाणी पाजतं आणि दुसऱ्या बंदरात तंबाखू ओढवतं, आणि घडवणाऱ्याला दोन्हींचा पत्ता नसतो.

पोर्तुगीज आले आणि हा माल गोव्यात उतरू लागला. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाच्या उत्खननात चिनी तुकडे निघाले आहेत, आणि चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझा वाड्यात चिनी भांडी अजून मांडलेली बघायला मिळतात. मुंबईत बघायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. तिथे गेलात तर थोडं वाकून काचेतून बुड दिसतं का बघा. रखवालदार विचित्र नजरेने बघतो, बघू द्या.

तुमच्या बरणीचं काम मात्र शांत, घरगुती. निळ्यावर फुटल्या बर्फाच्या रेघा आणि पांढऱ्या आलुबुखाराची फुलं. थंडी सरताना, पान येण्याआधी ते झाड फुलतं, म्हणून हे नववर्षाचं चित्र. अशा बरण्यांत चहा किंवा साखरेच्या पाकातलं आलं घालून भेट देत. इंग्रज त्यांना आल्याची बरणीच म्हणतात.

आता वापर. मी वापराच्या बाजूची आहे, पण सरसकट नाही.

झिलईखाली निळा, आणि दुसरा कुठलाच रंग नाही, भांडं धडधाकट, तर त्यात खायला धोका नाही. त्या झिलईत शिसं नसतं. ती चुना आणि त्याच चिनी दगडाची असते. लाल, हिरवा, पिवळा किंवा सोनेरी रंग झिलईच्या वर बसवलेला असेल, बोटाला किंचित उंच लागत असेल, तर थांबायचं. ते रंग मंद आगीवर वितळावेत म्हणून त्यांत शिसं घालत. तुमच्याकडे तसं काही नाही. पण गंमत अशी की तुम्हाला सगळ्यात साधी वाटणारी इंग्रजी बशी हीच जेवणाला वर्ज्य. त्या काळातल्या इंग्रजी मातीच्या भांड्यांची झिलई बहुधा शिशाची, आणि तिच्यावर बारीक जाळी पडली आहे. आमसूल, लिंबू, व्हिनेगर असलं आंबट तिच्यात नकोच. भिंतीवर लावा, छान दिसेल. फक्त स्प्रिंगचे तारेचे हूक लावू नका. ते कडेला सतत ओढत राहतात आणि एक दिवस टवका काढतात.

चिनी बशांपैकी एकीच्या कडेपासून केसासारखी तपकिरी चीर आत गेली आहे, चौथा फोटो. मऊ टॉवेलवर बशी बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि नखाने हलकेच वाजवा. धड बशी टणकन वाजून सूर धरते. चीर गेलेली थप्प करते. ती थप्प करणारच. त्या चिरेत हळद गेली की ती काढायला मला आठवडे लागतात, आणि तरी पूर्ण जात नाही. ब्लीच तर मुळीच घालू नका. त्याचं मीठ आत बसतं आणि पुढे झिलईचे पापुद्रे निघतात. तिच्यावर सुकी फळं ठेवा, प्रसादाचे पेढे ठेवा केळीचं पान घालून, पण रस्सा, आमटी, सोलकढी नको. दुसरी, धड बशी खुशाल वापरा. गणपतीत तिच्यावर मोदक वाढलेत तर मला आनंदच होईल. फक्त उकडीचे मोदक चाळणीतून थेट थंड बशीवर येऊ देऊ नका. आधी बशी कोमट पाण्याने धुऊन घ्या. या मातीला उष्णतेचं वाकडं नाही, अचानकपणाचं आहे. त्याच कारणाने मायक्रोवेव्ह नको, डिशवॉशर नको, फ्रीजमधून काढून गरम ओट्यावर नको.

धुताना प्लॅस्टिकचा टब, तळाला जुना टॉवेल, कोमट पाणी, थोडा साबण, एका वेळी एकच नग. बांगड्या आणि अंगठ्या काढून. नळाखाली धरून धुऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या भांड्यांचा बळी स्टीलच्या नळाने घेतलेला असतो.

बरणीत लोणचं घालायचा विचार मनात आला असेल तर सोडा. आपण लोणच्याच्या भांड्याला चिनीमातीची बरणी म्हणतो, पण ती तपकिरी-पांढरी जाड बरणी वेगळ्या मातीची, वेगळ्या जातीची, आणि तिचं तोंड दादरा बांधण्यासाठी घडवलेलं. तुमच्या बरणीचं झाकण नुसतं टेकलेलं आहे, हवाबंद नाही, आणि तोंडाची कड बिनझिलईची आहे. मीठ आणि तेल तिथूनच आत शिरेल. चहाची पत्ती ठेवा. तिचं मूळ काम तेच. फुलं ठेवायची असतील तर आत काचेचा पेला बसवून त्यात पाणी. आणि कुणी दिवा करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दिव्याच्या तारेसाठी बुडाला भोक पाडलेल्या चांगल्या चांगल्या बरण्या मी पाहिल्यात, आणि ते भोक कुणालाच भरून देता येत नाही.

राहिला पेला. २०१४ मध्ये मिंग सम्राट चंगह्वाच्या काळातला, कोंबड्यांचं चित्र असलेला एक चिमुकला पेला हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. घेणाऱ्या लिऊ यीच्यान यांनी तो हातात पडताच त्यातून चहा प्यायला, आणि त्या फोटोवरून चीनभर गदारोळ झाला. मला त्या माणसाचं वागणं मुळीच चुकीचं वाटत नाही. तुमचा पेला त्या तोडीचा अजिबात नाही, पण तो धड आहे, आणि चहासाठीच घडवलेला आहे. आजोबांच्या तिथीला त्यात चहा ओता, दूध-साखरेचा उकळता नव्हे, जरा निवलेला, आणि कुणीतरी दोन्ही हातांनी धरून, बसून प्यावा.

किमतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. अशा बरण्या असंख्य बनल्या. त्यावर घर होणार नाही. तशा गोष्टी घडतात. अमेरिकेत कनेटिकट राज्यात घराच्या दारातल्या विक्रीत ३५ डॉलरला घेतलेला एक लहान वाडगा पंधराव्या शतकातला निघाला आणि २०२१ मध्ये सात लाख डॉलरच्या वर गेला. पण त्या वाडग्याच्या मागे धावून लोक जे घेतात ते बहुतेक माझ्या ब्रशच्या वाडग्यासारखं असतं.

भावाबद्दल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती घडली कुठेही असो. पेला आणि बशा त्यात येतातच. माझ्या अंदाजाने बरणीनेही शंभरी ओलांडली आहे; पण अंदाज तो अंदाज, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे दाखवून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मिळाला तरच विमानात. ‘सामानात कपड्यांत गुंडाळून नेतो’ असं भाऊ म्हणाला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. देशात विकायचंच ठरलं तर पुरावशेषांच्या व्यापाराचा परवाना असलेल्या माणसाकडे जा, आणि आजोबांच्या बोटीच्या नोकरीचे कागद, जुना फोटो, जे असेल ते वस्तूसोबत ठेवा. वस्तू कुठून आली हे सांगणारा कागद शिक्क्यापेक्षा खरा.

आणि एक, घर रिकामं कराल त्या दिवसासाठी. फुटलेला टवका पेटीत सापडला तर टाकू नका, आणि घरी चिकटवूही नका. दोन नळ्यांचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि तो सोडवताना झिलई जाते. आम्ही लावतो तो गोंद ॲसिटोनने परत सुटतो, चूक झाली तर दुरुस्त करता यावी म्हणून. टवका कागदात, त्यावर तारीख. बशा उभ्या ठेवा, एकीवर एक आडव्या नकोत. बरणीत काही कोंबू नका. झाकण काढून वेगळ्या कापडात, वेगळ्या खोक्यात ठेवा. झाकण बरणीवरच ठेवून टेम्पोत चढवलेली आणि घाटात फुटलेली अकरा झाकणं मी आजवर जोडली आहेत, आणि त्यातल्या एकाही घरात बरणीला साधा ओरखडा आलेला नव्हता.